चौघांना झोपता येईल अशी होडी

डॉक्टर तरुण होते आणि स्वभावाने चांगले होते. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं आणि सगळ्यात शेवटी श्वास, हा क्रम त्यांनी कुठलीही घाई न करता सांगितला. स्नायूंना चालवणाऱ्या नसाच मरत जातात, त्यावर औषध नाही, हेही सांगितलं. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे क्रम समजायला मला वेळ लागत नाही. आमच्या यांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "हात किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण वर्षभर चालले तर चांगलं समजायचं. यांनी मान हलवली, फाइल काखेत मारली आणि आम्ही पुण्याहून तळेगावला यायला निघालो. सोमाटण्याचा टोलनाका ओलांडल्यावर म्हणाले, "आपण होडी घेऊ."

"कसली होडी?"

"शिडाची. पवनेच्या धरणात चालवायला. गाडीमागे ओढून नेता येईल अशी, घरच्यांना बसता येईल अशी."

मी दवाखान्यापासून रडू दाबून बसले होते आणि या माणसाला होडी सुचत होती. माझा स्वभाव मुळातच फटकळ. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी म्हटलं.

"डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर राहणार आहे," हे म्हणाले. "आत्ताच नाही का डॉक्टर बोलले?"

कॉलेजात असताना हे एनसीसीच्या नौदल विभागात होते. तिथे तीन वर्षं शिडाची होडी चालवली, आणि मग कारखान्यात लागले ते थेट निवृत्तीपर्यंत. मुलं लहान असताना आम्ही पवनेच्या काठी सहलीला जायचो. मी पुऱ्या वाढत असायचे आणि हे कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत उभे असायचे. कामं टाळतात असं मला वाटायचं, आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे. ते वारा बघत होते हे मला लग्नाला तीस वर्षं झाल्यावर, त्या गाडीत कळलं.

तर प्रश्न एवढाच होता. हात चालताहेत तोवर होडी पाण्यात पडायला हवी होती. हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून पुढे मी जे केलं, ते नकळत झालं असं मला म्हणता येत नाही.

यांनी शंभर पानी वही घेतली आणि होडीच्या अटी लिहून काढल्या. आपली गाडी ओढू शकेल इतपत वजन. डोलकाठी दोन साध्या माणसांना उभी करता आली पाहिजे, त्यासाठी पैलवान बोलवायला लागता कामा नये. तळातली फळी वर उचलता आली पाहिजे, कारण धरणाचं पाणी उन्हाळ्यात खूप खाली जातं आणि खोल तळाची होडी तिथे रुतणार. अक्षर तेव्हाच वाकडं यायला लागलं होतं. पेन अंगठा आणि दोन बोटांत धरायचं सोडून ते मुठीत धरायचे, पहिलीतल्या पोरांसारखं. मी ते बघितलं की स्वयंपाकघरात निघून जायचे.

शेवटची अट मी घातली. "सगळ्यांना मावली पाहिजे," मी म्हटलं. आम्ही दोघं, बाणेरची लेक, जावई, त्यांची दोन मुलं, आणि कॅनडातला मुलगा आला की तो. यांनी वहीत लिहिलं, 'सात माणसं', आणि पुढे छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं. मी ते पेन घेऊन खोडलं.

मग रविवारमागून रविवार होड्या बघणं सुरू झालं. शिडाच्या जुन्या होड्या विकणारी माणसं आपल्याकडे मोजकीच. त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर फोटो यायचे. फोटोत सगळ्याच होड्या देखण्या दिसतात. प्रत्यक्षात एकीच्या तळात पिंपळ उगवला होता. एकीचा मालक म्हणाला, शीड आहे ना, माळ्यावर आहे. माळ्यावरून काढलं तर उंदरांनी त्यात संसार थाटलेले. एक सगळ्या बाजूंनी चांगली होती, पण तिचा ट्रेलर बघून यांनी हात जोडले. चाकांच्या आतलं लोखंड हाताने सोलून निघत होतं.

होडी पारखायची यांची रीत होती. एक रुपयाचं नाणं घ्यायचं आणि तळापासून वरपर्यंत वीतवीतभर अंतरावर ठोकत जायचं. टणक आवाज आला की ठीक. बद्द आवाज आला की तिथे आत पाणी मुरलंय आणि लाकूड कुजलंय. सुरुवातीला स्वतः ठोकायचे. होळीच्या सुमाराला नाणं बोटांतून निसटायला लागलं. दोनदा पडलं, दोनदा उचललं, तिसऱ्यांदा त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "तू वाजव, मी ऐकतो," म्हणाले. तेव्हापासून मी होडीखाली वाकून नाणं ठोकायचे आणि हे शेजारी डोळे मिटून उभे असायचे. बघणाऱ्या माणसांना आम्ही काय वाटत असू कोण जाणे.

त्याच दिवसांत आम्ही एकदा धरणावर गेलो होतो, होडी पाण्यात उतरवायची जागा बघायला. काठावर पर्यटकांचे तंबू लावणारे एक आबा भेटले. सत्तरी ओलांडलेले, काटक. त्यांचं गाव धरणाखाली गेलेलं, आता वस्ती वर डोंगराच्या अंगाला. पाणी मागे हटलं की ते अजून आपल्या जुन्या शेताच्या जागी गाळपेर करतात, वांगी-काकड्या लावतात. यांनी वहीतलं होडीचं चित्र त्यांना दाखवलं. आबांनी वही लांब धरून नीट बघितली.

"हितनं आत जाऊ नगा," ते पाण्याकडे बोट करून म्हणाले. "तितं आमच्या घरांची जोती हायेत. आत्ता दिसत न्हाईत. चैत-वैशाखात वर येत्यात. त्या अंगाला हिर हाय, दगडी. लाकूड आपटलं तर फुटंल तुमचं."

"म्हणूनच फळी उचलता येणारी बघतोय, आबा," हे म्हणाले.

"किती मानसं बसनार?"

"सात," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्या हाताकडे. हात तेव्हा नुसताच मांडीवर पडलेला होता. "बाई, दोगांची घ्या," ते म्हणाले. "हलकी घ्या. हितं मे म्हयन्यात पाव मैल चिखल तुडवावा लागतो. आमी चार जनं आसलो तर दोगांची उचलून नेऊ. मोटी कोन वडनार?"

मला राग आला. ओळख ना देख, आणि आमच्या घरात माणसं किती ते हे ठरवणार. मी "बघू" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

लोणावळ्याची होडी आली ती पाडव्याच्या आसपास. कुरवंड्याच्या रस्त्याला एका बंगल्यात होती. मालक मुंबईचे, वय झालेले, आता येणं होत नव्हतं. माळ्याने गॅरेजचं शटर वर केलं आणि हे जागीच थांबले. चौदा फुटांची, वरून उघडी, पांढरी होडी. आत लाकडी फळ्या, त्यांना व्यवस्थित तेल-पॉलिश केलेलं. डोलकाठी दोन तुकड्यांची, हलकी. मी एकटीने उचलून बघितली. तळातली फळी एका दोरीने वर यायची. ट्रेलरची चाकं नवीन. मी नाणं ठोकत पूर्ण चक्कर मारली. एकदाही बद्द वाजलं नाही.

हे माळ्याच्या खांद्याचा आधार घेऊन आत चढले आणि मागच्या बाजूला बसले. सुकाणूचा दांडा डाव्या हाताखाली घेतला. उजव्या हाताने दोर धरल्यासारखं केलं. गॅरेजमध्ये, समोर गवत कापायचं मशीन आणि बॅडमिंटनचं जाळं, आणि हा माणूस वर बघतोय, जिथे शीड असायला हवं तिथे. मग अंग किंचित बाहेर झुकवलं. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. अजून हात होते. दांडा ते धरू शकत होते. पुढच्या रविवारी पाण्यात जाता आलं असतं.

"तू इथे बसायचंस," ते मला म्हणाले, समोरच्या फळीकडे मान करून. "तुला फक्त ही एक दोरी सांभाळायची. मी सांगेन तेव्हा सोडायची."

मी बसले नाही. मला साडी सांभाळायची होती.

परत येताना कार्ल्याला चहाला थांबलो. फाट्यावर एस. टी. मधून माणसं उतरत होती, कणसंवाली धूर करत होती. यांनी कप दोन्ही हातांत धरला होता. "घेऊन टाकू?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला विचारलं, हे लक्षात ठेवायला हवं.

मी म्हणाले, "छान आहे हो. पण दोघांचीच आहे. फार तर तिघांची. मुलं येणार, नातवंडं येणार, त्यांना काय काठावर उभं करायचं? ऊन लागलं, पाऊस आला तर आडोसा नको? आणि उद्या तुम्हाला..." इथे मी थांबले. "घ्यायचीच तर पुढे उपयोगी पडेल अशी घेऊ."

आमच्या घरची ती रीतच. शाळेचा युनिफॉर्म घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, बूट घ्यायचे ते एक नंबर मोठे, पुढे कापूस घालून. मुलाचा मुंजीतला सदरा त्याने दहावीपर्यंत घातला. घर घेतलं तेही पुढे माणसं वाढतील म्हणून तीन खोल्यांचं, आणि आता त्यातल्या एका खोलीत फक्त गाद्या आहेत. मापाची वस्तू घेणं म्हणजे उधळपट्टी, हे माझ्या इतकं अंगात भिनलेलं की संपत चाललेल्या माणसासाठीही मी वाढत्या मापाची होडी बघत होते. आणि खरं सांगायचं तर त्याहून वाईट एक कारण होतं. त्या चौदा फुटांच्या होडीत आम्ही दोघंच असणार होतो. हात थांबले की मी एकटी. मोठी होडी शोधत राहिलं की मुलं येणार, गर्दी होणार, वेळ आहे, असं मला स्वतःला सांगता येत होतं.

यांनी कप खाली ठेवला. "बरं," म्हणाले. वाद घातला असता तर मी हरले असते. ते वाद घालत नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर केलंस आई. मोठी घ्या, आम्ही दर रविवारी येऊ." कॅनडातून मुलगा म्हणाला, आत झोपता येईल अशी बघा. मी विजयी मुद्रेने यांच्याकडे बघितलं होतं. ती मुद्रा आठवली की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

पावसाळाभर होड्या बघितल्या. आता पारख मी करायची आणि हे गाडीत बसून काच खाली करून ऐकायचे. गणपतीत त्यांना शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, दसऱ्याला चमचा. दिवाळीनंतर मुंबईकडची एक होडी मिळाली. वीस फुटांची. पुढे छोटी केबिन, आत चौघांना झोपता येईल अशा अरुंद गाद्या, डोक्यावर छप्पर. तळात लोखंडी पातं, ते फिरकीने वर ओढायचं. नाणं सगळीकडे टणक वाजलं. माझ्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या. डोलकाठी उभी करायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात असं मालक म्हणाला, तेव्हा मी म्हणाले, जावई आहेत की.

सोसायटीत ती आणली तेव्हा ताडपत्रीखाली दोन गाड्यांची जागा अडली. कमिटीने नोटीस लावली. मी कमिटीशी भांडले, अगदी वर्गात उभं करून झापावं तशी. भांडण जिंकले. त्या जिंकण्याचा आनंद मला दोन दिवस पुरला. हे खिडकीत खुर्चीवर बसून ताडपत्रीकडे बघायचे.

लेक तिळगुळाला येणार होती, धाकट्याला कांजिण्या आल्या. मग जावयांची कामं. मग परीक्षा. कुणी खोटं बोलत होतं असं नाही. त्यांची आयुष्यं भरलेली होती, आणि मी मात्र होडीत त्यांच्यासाठी चार जागा राखून ठेवल्या होत्या. शेवटी एप्रिलातला एक रविवार नक्की ठरला. सकाळी फोन आला. "आई, अगं याचा क्लास ऐनवेळी ठेवलाय. पुढच्या रविवारी, शप्पथ." तोवर यांची मान टिकत नव्हती आणि बोलणं फक्त मला कळायचं.

मी फोन ठेवला. "आज राहू दे?" मी यांना विचारलं.

"चल," ते म्हणाले.

भाड्याची जीप आणि ड्रायव्हर ठरवला होता. दुधिवऱ्याच्या खिंडीचा चढ नको म्हणून कामशेतवरून गेलो. पाणी खूप मागे गेलं होतं. जिथे आम्ही जागा ठरवली होती तिथून पाण्यापर्यंत फुटलेला, भेगाळलेला गाळ, आणि पुढे ओला चिखल. ट्रेलरची चाकं अर्ध्यात बुडली. आबा आणि वस्तीवरची चार माणसं आली. त्यांनी तंबूच्या फळ्या टाकल्या, पेंढा टाकला, आणि उन्हात दोन तास ती होडी रेटली. "मी सांगितलं होतं" असं आबा एकदाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

होडी पाण्यात गेली तेव्हा दुपार कलली होती. डोलकाठी उभी करायची होती. कुठला दोर कुठून ओवायचा हे फक्त यांना माहीत. ते खुर्चीवरून सांगत होते, मी ते ओरडून पुढे सांगत होते, आणि शब्द माझ्यापर्यंत येताना तुटत होते. दोनदा ती काठी अर्धी वर गेली. तिसऱ्यांदा ती एकाच्या खांद्यावरून घसरून कडेला आपटली. माणूस थोडक्यात वाचला.

"राहू द्या," हे म्हणाले. ते सगळ्यांना कळलं.

मग फक्त त्यांना आत न्यायचं होतं. आबांनी आणि दुसऱ्या एकाने त्यांना खुर्चीसकट उचललं आणि गुडघाभर पाण्यातून नेऊन होडीत उतरवलं. सुकाणूपाशी बसवलं तर मान पुढे पडायला लागली. मी हात धरून दांड्यावर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. मग मी ठेवला नाही. आम्ही त्यांना केबिनमध्ये, चार गाद्यांतल्या एकीवर आडवं केलं. आबा लांब दोर हातात घेऊन काठाला गेले आणि होडी हळूहळू वीस-पंचवीस हात आत सरकली. डोलकाठी नसलेली, दोराला बांधलेली, आमची कुटुंबाची होडी.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. आत उकडत होतं, नव्या रेक्झिनचा वास येत होता. झोपलेल्या माणसाला तिथून फक्त छप्पर दिसत होतं.

"बरं झालं मोठी घेतली," ते तुटक तुटक म्हणाले. "आडवं होता येतं."

मला त्यांची क्षमा मागायची होती. वर्षभर तोंडाशी आलेलं ते वाक्य तेव्हाही बाहेर पडलं नाही. मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वारा आहे?"

मी दारातून डोकं बाहेर काढलं. तुंग किल्ल्याच्या बाजूने वारा येत होता, सरळ, न थांबता. सगळ्या पाण्यावर बारीक काळपट सुरकुत्या पळत होत्या. माझा पदर उडून तोंडावर आला. शिडाची होडी चालवायला याहून चांगला वारा नसतो, एवढं वर्षभरात मलाही कळायला लागलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."

होडी हलत होती. त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर पाणी थपाथपा आपटत होतं. ते ऐकत राहिले.

"मग ठीक," ते म्हणाले. "वारा नसला की छोटी होडीसुद्धा जागची हलत नाही."